भेग एका दिवसात पडत नाही

मुंबईहून उडालेलं विमान वीस मिनिटांत परत आलं की बातमीत ठरलेले दोन शब्द येतात: तांत्रिक बिघाड. ऐकणाऱ्याला वाटतं, इंजिन अचानक गेलं. घार आत ओढली गेली तर तसं होतंही. धातूच्या भेगेचं तसं नसतं, ती कित्येक उड्डाणं आधीपासून वाढत असते.

मुंबईने हे 12 ऑक्टोबर 1976 ला पाहिलं. सांताक्रूझहून मद्रासला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं कॅरावेल विमान, उड्डाण क्रमांक 171. (2025 मध्ये अहमदाबादला पडलेल्या विमानाचा क्रमांकही हाच होता, निव्वळ योगायोग, दोन्ही प्रकरणं अगदी वेगळी.) जमीन सोडल्यावर थोड्याच वेळात उजवं इंजिन फुटलं. वैमानिकांनी विमान परत वळवलं, पण धावपट्टी गाठता आली नाही. आतल्या 95 जणांपैकी कुणीही वाचलं नाही. मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा त्यातच गेल्या.

खरं तर दोनपैकी एक इंजिन गेलं तरी विमान उतरवता येतं. इथे इंजिनातल्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, दहाव्या चकतीला धातू थकून भेग पडली होती. चकती फुटली, तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली आणि आग लागली. आगीत विमानाची नियंत्रणं हलवणारं हायड्रॉलिक तेल संपलं आणि वैमानिकांच्या हातातलं नियंत्रणच गेलं.

उड्डाणाच्या वेळी इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीने फिरतं, चकतीवर प्रचंड ताण येतो, उतरल्यावर तो जातो. अशा प्रत्येक फेरीला सायकल म्हणतात. चकतीचं आयुष्य वर्षांपेक्षा या सायकलींत मोजतात आणि ते संपलं की ती दिसायला धडधाकट असली तरी बाद. भेगा शोधायला चमकणारा रंग लावून अतिनील दिव्याखाली पाहतात. म्हणजे शेवटी भरवसा पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर. अमेरिकेत पेन्साकोलाला 1996 मध्ये डेल्टा एअरलाइन्सच्या विमानाचं इंजिन धावपट्टीवरच फुटून दोन प्रवासी गेले. त्या इंजिनातली भेग आधीच्या तपासणीत सापडण्याइतकी मोठी होती.

कधी दोष धातूचा नसतोच. 1979 मध्ये शिकागोला डीसी-10 या प्रवासी विमानाचं डावं इंजिन उड्डाण घेतानाच निखळलं, 273 जण मेले. वेळ वाचवायला हँगरमध्ये इंजिन आणि ते पंखाला धरून ठेवणारा सांगाडा एकत्रच, फोर्कलिफ्टने काढत असत. त्यात सांगाड्याला तडा गेला होता. उत्पादकाने सांगितलेली पद्धत वेगळी होती. हीथ्रोला 2013 मध्ये तर रात्रपाळीच्या तंत्रज्ञांनी इंजिनांवरच्या झाकणांच्या कड्या उघड्या ठेवल्या, आणि काम पुरं करायला परत आले ते भलत्याच विमानापाशी. सकाळी उड्डाणातच झाकणं उडाली, एका इंजिनाला आग लागली. सुदैवाने सगळे वाचले.

भारतात देखभालीवर देखरेख डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची. 2012 पर्यंत बऱ्याच अपघातांची चौकशीही तीच करायची. त्या वर्षी अपघातांच्या चौकशीसाठी एएआयबी हा वेगळा विभाग निघाला. तोवर नजर ठेवणाऱ्यांनीच आपली नजर कुठे चुकली ते शोधायचं, अशी रीत होती.