न्याय्य युद्ध (ख्रिस्ती दृष्टिकोन)

न्याय्य युद्ध : युद्ध कधी समर्थनीय ठरते आणि ते कोणत्या मर्यादेत लढावे, याविषयीचा ख्रिस्ती परंपरेतील विचार. मूळ हेतू राजाच्या तलवारीला लगाम घालण्याचा होता. प्रत्यक्षात राजांनी त्याचा उपयोग बहुधा परवान्यासारखाच केला.

‘वैऱ्यांवर प्रीती करा’ हे डोंगरावरील प्रवचनातले वचन आणि राज्यकर्ता उगीच तलवार धारण करीत नाही हे पौलाचे रोमकरांस पत्रातील विधान, या दोहोंच्या ताणातून हा विचार घडला. ओरिजेन, टर्टुलियन यांसारख्या आरंभीच्या लेखकांना ख्रिस्ती माणसाने शस्त्र धरणे मान्य नव्हते. चौथ्या शतकात रोमन सत्ता ख्रिस्ती झाली आणि साम्राज्याच्या रक्षणाची जबाबदारी अंगावर आली. मग बिशप ऑगस्टिनने (३५४–४३०) शांततेसाठी, नाइलाज म्हणून केलेल्या युद्धाला जागा करून दिली. तेराव्या शतकात धर्मपंडित टॉमस अक्वायनसने तीन अटी घातल्या : अधिकृत सत्तेचा निर्णय, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. शेवटचा उपाय, यशाची वाजवी शक्यता, हानीचे प्रमाण आणि निःशस्त्र लोकांना अभय या कसोट्यांना पुढील विचारवंतांनी आकार दिला. धर्म वेगळा असणे हे युद्धाचे न्याय्य कारण नव्हे, असे स्पॅनिश धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया १५३९ मध्ये सालामांका येथे सांगत होता. त्या वेळी वसई पोर्तुगीजांच्या हाती जाऊन सुमारे पाच वर्षे झाली होती.

या कसोट्या लावून पाहायला मुंबईत एक चांगले ठिकाण आहे. कुलाब्याचे सेंट जॉन चर्च, म्हणजेच अफगाण चर्च, १८५८ मध्ये पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ अर्पण झाले. आतल्या लाकडी बाकांना सैनिकांनी बंदुका टेकवाव्यात म्हणून खाचा आहेत. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांची संख्या इतकी की नावे कोरणे शक्य नाही, अशा अर्थाची नोंद तिथेच आहे. ज्या युद्धात ते मेले त्याचे समर्थन भारतातील ब्रिटिश सरकारच्या ऑक्टोबर १८३८ च्या सिमला जाहीरनाम्यात आत्मसंरक्षण म्हणून केले गेले. पण अफगाण प्रदेशातील ज्या हेरात शहराच्या वेढ्याचे निमित्त पुढे केले होते, तो इराणी फौजेने सप्टेंबरातच उठवला होता. कारण सरले, मोहीम मात्र थांबली नाही. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून परतणारे ब्रिटिश सैन्य जवळपास सगळे कापले गेले. ‘शेवटचा उपाय’ ही अट कागदावर कशी सहज पुरी होते, याचा इतका जवळचा दाखला दुसरा नसावा.

विसाव्या शतकात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. बॉम्बहल्ल्यात गोदी आणि चाळ वेगळी राहत नाही, मग निःशस्त्रांना अभय कसले? पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या परिपत्रकात म्हटले, की अणुयुगात हक्कभंगाची दाद युद्धाने मागणे विवेकाला धरून नाही. शहरेच्या शहरे सरसकट उद्ध्वस्त करणे हा देव आणि मानव यांच्याविरुद्धचा गुन्हा आहे, असे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. या दोन तारखांच्या मध्ये मुंबई येते. डिसेंबर १९६४ मध्ये ओव्हल मैदानावरील आंतरराष्ट्रीय युखरिस्ट (प्रभुभोजन) परिषदेसाठी पोप सहावे पॉल आले. भारतात आलेले ते पहिले पोप. चीनने पहिली अणुचाचणी करून जेमतेम दीड महिना लोटला होता, आणि १९६२ चा पराभव इथे कुणी विसरले नव्हते. शस्त्रांवरच्या खर्चाचा काही भाग काढून गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारावा, असे आवाहन त्यांनी मुंबईत पत्रकारांपुढे केले. १९६७ च्या परिपत्रकात त्यांनी त्याचा मुंबईचे नाव घेऊन पुन्हा उल्लेख केला. नऊ महिन्यांत भारत-पाकिस्तान युद्ध पेटले, हेही खरे. पण न्यायाची चर्चा युद्धाच्या कारणावरून त्याच्या खर्चाकडे, म्हणजे उपाशी पोटाकडे, वळवणारे हे आवाहन आजही कसोट्यांच्या यादीपेक्षा अधिक टोकदार वाटते.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात कसोट्या अजून आहेत, सोबत आधुनिक शस्त्रांच्या संहारशक्तीचा विचार करण्याची सूचनाही आहे. पोप फ्रान्सिस यांनी मात्र २०२० मध्ये, जुन्या निकषांच्या आधारे न्याय्य युद्धाविषयी बोलणे आता फार अवघड झाले आहे, असे लिहिले. स्वसंरक्षणाचा हक्क त्यांनी नाकारला नाही. मग फरक राहिला कुठे? टीकाकारांच्या मते शब्दात. समर्थकांच्या मते पुराव्याचा भार युद्ध करणाऱ्यावर टाकण्यात.

इतर पंथांत एकवाक्यता नाही. क्वेकर आणि मेनोनाइट सर्वच युद्धे नाकारतात. लुथरन व अँग्लिकन श्रद्धापत्रकांनी सोळाव्या शतकात शस्त्र धरण्यास मान्यता दिली, तरी १९३० च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी आंतरराष्ट्रीय तंटे युद्धाने सोडवणे ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत ठरवले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत लढाईत मारणे हे नाइलाजाचे पण प्रायश्चित्त मागणारे कृत्य मानले जाई. संत बेसिलने अशा सैनिकाला तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहण्याचा सल्ला दिला. त्याच परंपरेतील रशियन चर्चच्या प्रमुखांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने २०२४ मध्ये युक्रेनवरील मोहिमेला ‘पवित्र युद्ध’ म्हटले. न्याय्यतेच्या कसोट्या ओलांडून ही थेट जुन्या क्रुसेडांची, म्हणजे मध्ययुगीन धर्मयुद्धांची, भाषा झाली.

अण्वस्त्रांबाबत मतभेद कमी होत आहेत. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारावर व्हॅटिकनने पहिल्याच दिवशी सही करून त्याला मान्यताही दिली. भारत त्यात सामील नाही. २०१९ मध्ये हिरोशिमा येथे पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्रे नुसती बाळगणेही अनैतिक ठरवले. नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आणि तुर्भ्याचे (ट्रॉम्बे) अणुसंशोधन केंद्र मुंबईत आहे, त्यामुळे असा प्रश्न इथल्या ख्रिस्ती कुटुंबात नोकरीच्या रूपानेही येऊ शकतो. कॅथलिक शिकवण सैनिकी सेवेला देशसेवाच मानते, पण निःशस्त्रांच्या कत्तलीचा हुकूम पाळणे पाप आहे आणि ‘वरून आदेश होता’ ही सबब चालत नाही, असेही बजावते. भारतात सक्तीची सैन्यभरती नसल्यामुळे विवेकापोटी शस्त्र नाकारण्याचा कायदेशीर वाद इथे उभा राहिलेला नाही.