‘खिचडी पदवी’ चालत नाही, हे कोणी सांगितलं?

इंदूरच्या मराठी घरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: पदवीला इतिहास, संगणक आणि मानसशास्त्र असे वेगवेगळ्या वाटांचे विषय घेतले की पदवी ‘अर्धवट’ ठरते आणि स्पर्धा परीक्षेला बसू देत नाहीत. हे खरं नाही.

मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय तर इंदुरातच, रेसिडेन्सी भागात आहे. त्याच्या राज्यसेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी पुरते. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेचंही तसंच. तीन वर्षांच्या एलएलबीलाही विषयाची अट नाही, गुणांची आहे.

वेगवेगळ्या वाटांचे विषय घेण्याची ही मोकळीक कुणा एका कॉलेजची लहर नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येच ती आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट (अभ्यासाचं प्रमाण मोजायचं एकक) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. शिवाय त्यात मुख्य विषय असतोच. बाकीचे त्याच्या जोडीला. म्हणजे ‘कशाचाच धड अभ्यास नाही’ हा टोमणाही फुकटच.

समजाचा एक धागा मात्र खरा आहे. एमएस्सीला किंवा शाळेत विषयशिक्षक व्हायला तो विषय बहुतेक ठिकाणी पदवीला असावा लागतो, कधी कधी तीनही वर्षं. मुलीला पुढे रसायनशास्त्रात एमएस्सी करायची असेल, तर पहिल्याच वर्षी प्रवेशाचे नियम वाचा. शेजारच्या काकांना नंतर विचारा.