साताऱ्यात-सांगलीत शिकायला येताय? आधी वसतिगृहाचा अर्ज भरा

माण-खटावकडून साताऱ्याला किंवा जत-आटपाडीकडून सांगलीला पोरगं कॉलेजला पाठवायचं ठरलं की घरात पहिला हिशेब फीचा होतो. फीला सवलत मिळते, हप्ते पाडून मिळतात. खोली आणि दोन वेळचं जेवण मात्र दर महिन्याला रोख लागतं. मुलं शिक्षण सोडतात ती बहुतेक याच खर्चापायी, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. नंबर लागणार नाही असं वाटत असलं तरी शासकीय वसतिगृहाचा अर्ज भराच. समाज कल्याण विभागाच्या या वसतिगृहांत राहणं, नाश्ता, दोन वेळचं जेवण मोफत असतं आणि वर दरमहा निर्वाह भत्ता मिळतो. सर्वाधिक जागा अनुसूचित जातींसाठी असल्या तरी इतर मागास, विमुक्त-भटक्या, दिव्यांग आणि अनाथ मुलांसाठीही काही राखीव असतात.

जागा कमी पडतात, हे खरं. पण अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठीची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना पात्र असूनही वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीच आहे. वसतिगृहाचा अर्ज टाळलात तर ही वाटही अडते. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी स्वाधारमधून वर्षाला भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,००० असे ४३,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, शिवाय विद्यार्थी त्याच शहरातला रहिवासी नसावा. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तर आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघावी. तिथे उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, त्यामुळे 'आपण कशात बसत नाही' म्हणणारी बरीच घरं तिच्यात बसतात.

आता कागदपत्रं. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, मागच्या वर्षाचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजचं बोनाफाईड, आधार, पासबुक. हे सगळं जमतं. घोळ होतो तो उत्पन्नाच्या दाखल्यात आणि बँक खात्यात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून मागच्या वर्षीचा चालत नाही. निकालाची वाट न बघता एप्रिल-मे महिन्यातच तलाठ्याकडून कागद घेऊन सेतूत अर्ज टाका. जून उजाडला की तिथे रांग दाराबाहेर जाते. नावंही तेव्हाच जुळवून घ्या. आमच्या भावकीतल्या एका मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव 'बाळासो' होतं आणि दाखल्यावर 'बाळासाहेब'. एवढ्यावरून तिचा अर्ज त्रुटीत निघाला आणि दुरुस्तीसाठी गावाकडे तीन खेपा झाल्या.

बँकेचंही तसंच. आधार खात्याला जोडलंय एवढं पुरत नाही. थेट लाभाचे पैसे कोणत्या खात्यावर पडणार याची नोंद वेगळी असते, ती शाखेत जाऊन विचारून घ्या. नाहीतर पैसे कधीतरी उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात जाऊन बसतात.

खोली घेऊन राहणाऱ्यांनी भाडेकरार आणि मेसच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपाव्यात. स्वाधारला हजेरी ७५ टक्के लागते.

कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहाचा फॉर्म वेगळा असतो आणि प्रवेश पक्का झाल्यावर कॉलेजातच मिळतो. त्यासोबत विद्यार्थ्याचं आणि पालकांचं रॅगिंगविरोधी हमीपत्र द्यावं लागतं. ते फक्त सही करायचा कागद समजू नका, मुलासोबत बसून वाचा आणि १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन क्रमांक त्याच्या फोनमध्ये ठेवा. अनामत रकमेची पावती वर्षाखेरीस परत मागतात, ती घरच्या फायलीत राहू द्या.

मेसमध्ये पैसे भरण्याआधी खाड्याचा नियम विचारा. गावी गेल्यावर जेवलो नाही त्या दिवसांचे पैसे वजा होतात तो खाडा. बऱ्याच ठिकाणी सलग काही दिवस नसाल तरच तो धरतात आणि आदल्या दिवशी वहीत नाव लिहावं लागतं. काउंटरवर दोरीला पेन बांधलेली ती वही पहिल्याच दिवशी बघून ठेवा. दर शनिवारी-रविवारी घरी जाणाऱ्या मुलाने महिन्याच्या मेसपेक्षा कूपन किंवा डबा बघितलेला बरा.

साताऱ्याला या गोष्टी नव्या नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे बोर्डिंग सुरू केलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीत जेवायची. त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. आज तोच घास सरकारी योजनेत हक्काने मिळतोय. अर्ज करताना कुणीही संकोच धरू नये.

वसतिगृहाची यादी कॉलेज सुरू झाल्यावर लागते, त्यामुळे मधले काही आठवडे नातेवाइकांकडे किंवा मित्राच्या खोलीवर काढायची तयारी ठेवा. यादीत नाव नसलं तर कॉलेजातूनच घरी परतू नका. समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन रिकाम्या जागांची पुढची यादी कधी लागणार ते विचारा. नाव नोंदवूनही आलेली नाहीत, अशा मुलांच्या जागा त्याच यादीत भरतात.