कागद दोन्हीकडे बँकेतूनच जातात: एलसी आणि डीपी

‘पेपर बँकेतून जाणार आहेत, मग पैसे बुडतीलच कसे?’ काजूगर, मासळी, मसाले बाहेरदेशी पाठवणाऱ्या गोव्यातल्या लहान उद्योजकांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. एका व्यवहारात तो बराचसा बरोबर ठरतो आणि दुसऱ्यात फसवा. पहिला एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. दुसरा डीपी, म्हणजे डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट: पैसे भरल्यावर कागद हाती देणारं कलेक्शन, बँकेमार्फत वसुली. वरून पाहिलं तर दोन्ही सारखेच. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा आणि तो सोडवायला लागणारा कागद) असा गठ्ठा आपल्या बँकेत द्यायचा, तो खरेदीदाराच्या बँकेत जातो, पैसे आले की कागद सुटतात आणि कागद सुटले की माल सुटतो.

फरक शब्द कोण देतं यात आहे. एलसीत खरेदीदाराची बँक स्वतः बांधील होते: ठरलेले कागद ठरल्याप्रमाणे आले तर पैसे मी देईन, खरेदीदाराची मर्जी असो वा नसो. डीपीत बँक पोस्टमन असते. तो व्हीपी, म्हणजे पैसे भरून घ्यायचं पार्सल, घेऊन दारात उभा राहील, पण घरच्याने घेतलं नाही तर खिशातले पैसे घालणार नाही. डीए, म्हणजे डॉक्युमेंट्स अगेन्स्ट अ‍ॅक्सेप्टन्स, हा डीपीचाच आणखी सैल भाऊ: खरेदीदार साठ-नव्वद दिवसांच्या हुंडीवर सही करतो आणि कागद घेऊन जातो. पुढे त्याची सही आणि आपलं नशीब.

दोन्हींचे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने केलेले. कलेक्शनला यूआरसी ५२२, १९९६ पासून. एलसीला यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून. एलसीवाल्याने यातलं एक कलम तरी भिंतीवर चिकटवून ठेवावं: बँकेचा व्यवहार कागदांशी असतो, मालाशी नाही. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस. त्यात खोट सापडली, तर तिने दिलेला शब्द तिला पाळावा लागत नाही.

आणि खोट सापडतेच. एलसीच्या मसुद्यात माल चढवण्याची शेवटची तारीख असते. ती रोटरडॅमला किंवा दुबईला बसलेला माणूस टाकतो आणि त्याच्या कॅलेंडरात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नसते. मसुदा आला की आपण आधी रक्कम बघतो, तारखेवरून नुसती नजर फिरवतो. मग भाद्रपद उजाडतो. काजू सोलणाऱ्या बाया आपापल्या घरी, पॅकिंगचे लोक गावाला, ट्रकवाला ‘सायबा, विसर्जन झाल्यावर’ म्हणून मोकळा. कंटेनर दोन दिवस उशिरा चढतो आणि बिल ऑफ लेडिंगवर तशी तारीख पडते. एलसीची मुदत बँकेच्या सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती पुढच्या कामाच्या दिवसावर ढकलली जाते. माल चढवण्याच्या तारखेला मात्र ही सवलत नाही. यूसीपीत तसं स्पष्ट लिहिलं आहे. गणपतीसाठी कोणी थांबत नाही.

बंदराचंही तसंच. एलसीत गोव्यातलं ‘मुरगाव’ लिहून आलेलं असतं, आपल्याला बरंही वाटतं. ऐनवेळी जागा मिळत नाही, सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, कंटेनर रस्त्याने मुंबईजवळच्या न्हावा शेवाला पाठवतो. माल तोच, जहाजही चांगलं, पण कागदावर बंदर दुसरं. ही खोट. मसुद्यातच ‘भारतातलं कोणतंही बंदर’ लिहून घेतलं असतं तर प्रश्नच आला नसता. नंतर दुरुस्ती मागितली तर खरेदीदार आणि त्याची बँक दोघांचा होकार लागतो, फी वेगळीच.

खोट निघाली की आपली बँक विचारते, ‘कलेक्शनवर पाठवू का?’ बरेच जण घाईत हो म्हणतात. त्या क्षणी एलसीची डीपी झालेली असते. पैसे आता खरेदीदाराच्या राजीखुशीवर. एलसीचा खर्च मात्र होऊन गेलेला.

तरीही पहिल्या व्यवहाराला माणसं डीपी का घेतात? स्वस्त पडते, हे कारण सगळे देतात. मला खरं कारण भीड वाटतं. लिस्बन, लंडन, दुबई, जिथे जावं तिथे आपला गोंयकार भेटतो. ‘आपलोच मनीस’ म्हटल्यावर त्याच्याकडे एलसी मागायची कशी? भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याला पाठ असतं, पण ते दुसऱ्याला सांगायला. समोरच्याच्या बाजूनेही बघायला हवं. एलसी उघडायची तर त्याला बँकेत मार्जिन म्हणून काही रक्कम ठेवावी लागते, त्याची कर्जाची लिमिट अडकते. युरोपातले व्यापारी आपसांत बहुतेक माल उधारीवर देतात-घेतात, त्यामुळे तिथल्या लहान दुकानदाराला एलसीची मागणी अविश्वासाची वाटू शकते. बांगलादेशात मात्र आयात मुख्यतः एलसीवरच चालत आली आहे, तिथे त्याचं कोणाला काही वाटत नाही. एकाच मागणीने एकीकडे नाक मुरडलं जातं, दुसरीकडे मुकाट्याने फॉर्म भरला जातो.

यावर माझा उपाय साधा आहे. एलसी मागायची तर कारण सांगून मागावी. ‘एलसी असली की आमची बँक पॅकिंग क्रेडिट (माल तयार करायला लागणारं कर्ज) लवकर देते’ हे वाक्य अनेकदा खरंही असतं आणि कोणाला लागतही नाही.

आता उलट बाजू, कारण गोव्यातले काजू कारखानदार विकतात तसे विकतही घेतात. इथला काजू वर्षभर पुरत नाही, कच्च्या बिया आफ्रिकेतून येतात. गिनी-बिसाव हा त्यातला मोठा उत्पादक, आणि तिथली सरकारी भाषा पोर्तुगीज. जुन्या पिढीतला एखादा फोंड्याचा शेठ फोनवर ‘बों दिया’ म्हणतो, पलीकडून हसून उत्तर येतं, आणि तिथेच अर्धा सौदा झाल्यासारखा वाटतो. पुरवठादार एलसी मागतो तेव्हा शेठ निर्धास्त होतो: बँक मध्ये आहे. पण बँक बिया फोडून बघणार नाही. ऐंशी किलोच्या पोत्यामागे किती पौंड चांगला गर निघतो, त्याला आउटटर्न म्हणतात. किंमत त्यावर ठरते. एलसीच्या कागदांच्या यादीत त्रयस्थ संस्थेचा आउटटर्न आणि ओलाव्याचा दाखला, किमान आकड्यासह, मागितला नसेल, तर ओल्या बियांचेही पैसे बँक बिनबोभाट देईल.

शिवाय एलसी उघडायला बँक तारण मागते, आणि तारण बहुधा घर नाहीतर जमीन. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, आणि स्थावर गहाण टाकायचं तर दोघांची संमती लागते. म्हणजे बिसावचा सौदा अखेर फोंड्याच्या स्वयंपाकघरात ठरतो. ते चांगलंच आहे, असं माझं मत. ‘आउटटर्न कमी निघाला तर?’ हा प्रश्न बँकेच्या मॅनेजरपेक्षा तिथे आधी विचारला जातो.

पुन्हा विकणाऱ्याकडे. डीपीत दर पडला की त्याची गोची. माल जहाजावर असताना भाव उतरला तर खरेदीदार कागद सोडवायला येतच नाही आणि फोनवर सूट मागू लागतो. बंदरात माल पडून राहिल्याचा दंड, डेमरेज, रोज चढत असतं, माल परत आणणं परवडत नाही, सूट द्यावी लागते. विमानाने ताजी मासळी पाठवणाऱ्याला तर डीपी मुळातच विरते. एअरवे बिल, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाची पावती, हा बिल ऑफ लेडिंगसारखा मालकीचा कागद नव्हे. त्यावर खरेदीदाराचं नाव असेल तर तो विमानतळावरून माल घेऊन जातो, बँकेतला गठ्ठा तसाच पडून.

जिथे एलसी मागणं खरंच जमत नाही, तिथे काही रक्कम आगाऊ टीटीने, म्हणजे थेट बँक ट्रान्सफरने, घ्यावी आणि उरलेली डीपीवर ठेवावी. ही आगाऊ रक्कम निदान माल परत आणण्याच्या भाड्याइतकी असावी. डीए द्यायचीच असेल तर ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीच्या येण्याचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीची, पॉलिसी आधी काढून त्या खरेदीदाराची मर्यादा मंजूर करून घ्यावी. तिथला अर्ज भरताना त्याचा पत्ता आणि बँकेचा तपशील लागतो, आणि ‘आपलोच मनीस’ म्हणून ज्याला मिठी मारली त्याच्या दुकानाचा नोंदणी क्रमांक आपण कधी विचारलेलाच नाही, हे तेव्हा कळतं.