दोन गोळ्या आणि इसीजीवरचे अडीच चौकोन

‘बाळाने आजीची गोळी खाल्ली वाटतं, पण काही झालं नाही, गाढ झोपलाय,’ असं घरचे सांगतात. गोळी अमिट्रिप्टिलिनची असेल, तर ही झोपच विषबाधेची पहिली खूण असते.

हे औषध मूळचं नैराश्यावरचं. आज ते अर्धशिशी, मधुमेहात होणारी पायांची आग आणि नागिणीनंतरची ठणक यांसाठी सर्रास दिलं जातं, म्हणून ज्येष्ठांच्या डब्यात हमखास सापडतं. वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की रुग्णालय गाठायचं; १० ते १५ मिलिग्रॅमला जिवावर बेततं. दहा किलोच्या बाळाला ७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या तिथवर नेतात. किती गोळ्या पोटात गेल्या ते नक्की नसेल, तर स्ट्रिपमधून कमी झालेल्या सगळ्या गेल्या असंच धरायचं.

आता हृदयात काय होतं ते पाहू. प्रत्येक ठोक्याआधी जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, पेशींवरच्या सोडियम वाहिन्या (सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं) क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतं, आतला ऋण विद्युतभार धन होतो आणि ही लाट शेजारच्या पेशीकडे जाते. अमिट्रिप्टिलिन या वाहिन्यांमध्ये अडकून बसतं. ते बाहेर पडतं मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. पण हेच औषध हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस चेतेचा परिणामही रोखतं, त्यामुळे ठोके वाढतात आणि विश्रांतीच आखडते. म्हणजे औषध स्वतःच्या सुटकेची वाट स्वतःच बंद करतं! लाट मंदावते, काही भागांत उशिरा पोचते, मागे वळून पुन्हा फिरू लागते आणि जवनिकांचा ताल बिघडतो.

हा मंदपणा इसीजीवर मोजता येतो. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. क्यूआरएसची, म्हणजे ही लाट जवनिकांमध्ये पसरताना उमटणाऱ्या टोकदार आकृतीची, रुंदी अडीच चौकोनांपलीकडे, म्हणजे १०० मिलिसेकंदांवर गेली की झटक्यांचा (फिट येण्याचा) धोका. चार चौकोन, म्हणजे १६० ओलांडले की जवनिकांच्या घातक अनियमिततेचा. हे आकडे मुख्यतः मोठ्या माणसांवरून आलेत. लहान मुलाचा क्यूआरएस मुळातच अरुंद, तेव्हा अडीच चौकोनांची वाट पाहायची नाही. एव्हीआर लीडमध्ये (इसीजीच्या नोंदींपैकी एक) क्यूआरएसच्या शेवटी उंच आर, म्हणजे वर जाणारं टोक, दिसला तरी सावध व्हायचं.

यावरचा उतारा स्वस्त आहे: शिरेतून सोडियम बायकार्बोनेट, किलोमागे १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक). ८.४ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १ मिलिइक्विव्हॅलंट असतं, ७.५ टक्क्यांच्या अँप्यूलमध्ये सुमारे ०.९, हा फरक हिशेबात धरावा लागतो. जादा सोडियम वाहिन्यांवरचा अडथळा काही अंशी भरून काढतं, आणि रक्त थोडं अल्कधर्मी झालं की औषधाची पकड सैल होते. रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ७.४५ ते ७.५५ ठेवायचा. पोटॅशियम घसरतं, तेही तपासत राहायचं. झटका आला तर रक्त आम्लधर्मी होऊन पकड उलट घट्ट होते, म्हणून तो बेंझोडायझेपिन गटातल्या औषधाने लगेच थांबवायचा. फेनिटॉइन हे फिटवरचं दुसरं औषध नको, तेही सोडियम वाहिन्याच अडवतं. डायलिसिसचा उपयोग नाही, औषध रक्तात थोडं आणि ऊतींमध्ये फार असतं.

सोडियम हा उतारा, म्हणून घरी मिठाचं पाणी पाजणं हा मात्र जीवघेणा उद्योग. गुंगीतल्या मुलाची उलटी फुप्फुसात जाते आणि जास्तीचं मीठ मेंदूला इजा करतं. दृष्ट काढण्यात इजा नसेल, पण त्यात जाणारी दहा मिनिटं परत मिळत नाहीत. १०८ लावा, स्ट्रिप सोबत घ्या. कोरडं तोंड, विस्फारलेल्या बाहुल्या, लाल गरम पण घाम नसलेली त्वचा दिसली तर ते आवर्जून सांगा.

हे औषध आतड्यांची हालचालही मंदावतं, त्यामुळे ते उशिरापर्यंत रक्तात उतरत राहतं. म्हणून पहिला इसीजी ठीक आला तरी निदान सहा तास मॉनिटरवर ठेवतात. मूल जागं, क्यूआरएस अरुंद आणि पोटात आतड्यांचे आवाज ऐकू येत असतील, तरच घरी सोडतात.