बेसिन व टबाचा ओव्हरफ्लो

वॉशबेसिनच्या किंवा आंघोळीच्या टबाच्या काठाखाली ठेवलेली, जादा पाणी निचऱ्याकडे नेणारी वाट. तळाचे बूच लावलेले असताना नळ चालू राहिला, तर पाणी काठावरून सांडण्याआधी या भोकातून खाली उतरते.

चिनी मातीचे बेसिन त्या बाजूला दुपदरी घडवतात. भोकातून शिरलेले पाणी दोन पदरांमधल्या पोकळीतून तळाच्या छिद्राभोवती येते आणि वेस्ट कपलिंगच्या, म्हणजे त्या छिद्रात बसवलेल्या आखूड नळीच्या, अंगावरील खाचांतून पाइपात पडते. या खाचा बुचाच्या खाली, पण ट्रॅपच्या, म्हणजे थोडे पाणी साठवून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपाच्या, वर येतात. रचनेचे मर्म यातच आहे. बूच बंद असूनही वाट उघडी राहते आणि ट्रॅपमध्ये साठलेले पाणी गटाराचा वास तळाच्या जाळीप्रमाणेच या भोकाशीही अडवते. टबाला दुसरा पदर नसतो, म्हणून त्याच्या भिंतीमागून वेगळी नळी उतरवून ट्रॅपच्या आधीच मुख्य पाइपाला जोडतात. त्या जोडावरचे रबर कुजले, की पाणी लादीखाली मुरत राहते आणि लवकर ध्यानात येत नाही.

कपलिंग विकत घेताना नीट पाहावे. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला खाचांचे, म्हणजे ‘हाफ थ्रेड’ कपलिंग लागते. नसलेल्याला ‘फुल थ्रेड’. पहिल्या प्रकारच्या बेसिनला बिनखाचांचे कपलिंग बसवले, तर पोकळीतल्या पाण्याला बाहेर पडायला जागाच उरत नाही. उलट अदलाबदल झाली, तर खाचांतून पाणी आट्यांवर उतरते आणि खालच्या नटाशी गळू लागते. सीलंटचा जाड थर खाचांवर बसला, तरी पोकळीतल्या पाण्याची वाट तशीच बंद होते. बेसिन वर्षानुवर्षे ठीक दिसते आणि ओव्हरफ्लोची गरज पडते त्याच दिवशी दोष उघडा पडतो.

इंदूरमध्ये ती गरज बहुधा बुचामुळे येत नाही. रामबाग, लोकमान्यनगर अशा वस्त्यांतल्या मराठी घरांत तोंड धुणे वाहत्या नळाखालीच होते, आंघोळ बादलीने; टब मुख्यतः हॉटेलांत. मात्र जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवून आणलेले नर्मदेचे पाणी शहराच्या बऱ्याच भागांत एकाआड एक दिवस येते. कोरडा नळ उघडून पाहिला, तसाच राहिला, पाणी आले तेव्हा घरी कोणी नाही आणि जाळीवर फडके पडलेले, हा प्रसंग सहज घडू शकतो. अशा वेळी ओव्हरफ्लोवर फार विसंबू नये. भोक लहान असते. पूर्ण उघडलेल्या नळाचे पाणी त्याला पुष्कळदा पेलत नाही. ट्रॅप तुंबला असेल, तर दोन्ही वाटा एकदमच बंद होतात.

इंदूरजवळ गंभीर नदीवरच्या होळकरकालीन यशवंत सागर धरणात जादा पाण्यासाठी सायफन, म्हणजे वाकवलेल्या नळ्या, आहेत. सायफनची नळी पाण्याने पूर्ण भरली, की ती पाणी जोराने खेचते. बेसिनची पोकळी तशी भरून वाहत नाही, तिच्यात पाणी केवळ उताराने जाते.

पोकळीत साबण, पेस्ट व ओलावा साचून बुळबुळीत थर चढतो आणि कुबट वास येतो. तो गटाराचा समजून लोक ट्रॅप बदलतात, पण पातळ ब्रश फिरवून गरम पाणी ओतले तरी वास बराच कमी होतो. याच थरात जंतू वाढतात, म्हणून ब्रिटनमध्ये रुग्णालयातील हात धुण्याच्या बेसिनला ओव्हरफ्लो आणि बूच दोन्ही नसावेत असा दंडक आहे. ओट्यावर ठेवायच्या वाडगेवजा बेसिनलाही पुष्कळदा ओव्हरफ्लो नसतो; तिथे बंद न होणारी जाळीच बसवावी.