पेन्शन धरून की पेन्शन सोडून?

2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला 6.81 लाख कोटी रुपये मिळाले. त्यातले 1.80 लाख कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे जहाजं, विमानं, तोफा, बांधकामं यांचे, आणि 1.60 लाख कोटी पेन्शनचे. दर फेब्रुवारीत हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात आणि तोच प्रश्न येतो: पेन्शन शस्त्रांचा घास खाते का?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या, साडेसात महिन्यांच्या अर्थसंकल्पात 197 कोटींच्या खर्चातले जवळपास 93 कोटी संरक्षणाचे होते. फाळणी आणि काश्मीर समोर असताना दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. पुढे हात आखडला. 1962 च्या हिवाळ्यात सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला आणि पुढच्याच वर्षी तरतुदीने मोठी उडी घेतली. तेव्हा पेन्शनचा विषय कुणाच्या तोंडी नव्हता. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत साधा जवान सात वर्षं पलटणीत असे आणि पुढची आठ वर्षं राखीव यादीत. मग सलग सेवा वाढली. पस्तिशी-चाळिशीत घरी परतणाऱ्या, पूर्ण पेन्शन घेणाऱ्या आणि पुढे तीस-चाळीस वर्षं जगणाऱ्या जवानांची मोठी पिढी तिथून तयार झाली. ही सवलत नव्हे. तरुण फौज हवी म्हणून देशाने त्यांना लवकर घरी पाठवलं, त्याचं हे देणं आहे.

खरा गुंता आहे तो ‘संरक्षण खर्च’ या शब्दात. 2015-16 पर्यंत जाहीर होणारा आकडा सैन्यदलांच्या खर्चाचा असे. पेन्शन वेगळ्या मागणीत (म्हणजे संसदेकडे वेगळी मागितलेली रक्कम), वेगळ्या पानावर. त्या वर्षी सांगितला गेलेला आकडा होता 2.46 लाख कोटी. पेन्शनचे सुमारे 54,500 कोटी त्यात नव्हतेच. पुढच्या वर्षी, 2016-17 मध्ये, मागण्यांची मांडणी बदलली. अर्थसंकल्पाच्या भाषणात तर संरक्षणाचा आकडाच उच्चारला गेला नाही. मग कुणी 2.58 लाख कोटी छापले, कुणी 3.40 लाख कोटी, आणि दोघेही बरोबर होते. एकाने पेन्शन सोडली होती, दुसऱ्याने धरली होती. पण 2.46 शेजारी 3.40 ठेवला की एका वर्षात जवळपास चाळीस टक्के वाढ दिसते, जी कधी झालीच नाही. आजही दहा वर्षांचे तक्ते करणारे या ठिकाणी घसरतात. जुने आकडे पेन्शन सोडून, नवे धरून, आणि वर निष्कर्ष मात्र ठाम.

त्याच 2016-17 मध्ये पेन्शनची तरतूद 82 हजार कोटींच्या वर गेली होती. नोव्हेंबर 2015 मध्ये वन रँक वन पेन्शन, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवा असलेल्यांना निवृत्ती कधीही झाली तरी समान पेन्शन, मंजूर झाली, तीही 1 जुलै 2014 पासून लागू धरून, म्हणजे थकबाकीसकट. शिवाय सातवा वेतन आयोग दारात उभा होता. माझ्या मते निर्णय न्याय्य होता. चूक झाली ती त्याचा भार कुठून येणार हे लोकांसमोर सरळ न मांडण्याची.

पेन्शनच्या रकान्यात फक्त फौजी आहेत हाही एक समज. माझे वडील नौदलाच्या गोदीत फिटर होते. पितळी बिल्ला, डबा आणि लायन गेटवरची झडती, तीस वर्षं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देताना त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. कानस आणि पॉलिश पेपरने रेषाच झिजल्यात. रुमालाला पुसून पुन्हा अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. गोदीचे, आयुध निर्माण्यांचे असे नागरी निवृत्त कामगारही त्याच 1.60 लाख कोटींत मोजले जातात. 2021 मध्ये निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, तरी जुन्या कामगारांची पेन्शन संरक्षणाच्याच खात्यात राहिली. 2004 पासून लागलेले नागरी कर्मचारी पगारातून वर्गणी कापणाऱ्या नव्या पेन्शन योजनेत गेले, सैन्यदलं तीतून वगळली गेली.

शस्त्रं अडतात ती पेन्शनमुळेच, हे मला पटत नाही, आणि त्याचा पुरावा मुंबईच्या माझगाव गोदीत आहे. जर्मन बनावटीच्या दोन पाणबुड्या तिथे बांधल्या गेल्या: शाल्की 1992 मध्ये दाखल झाली, शंकुल 1994 मध्ये. दरम्यान दलालीच्या आरोपांनी पुढची मागणी गोठली, शिकलेले वेल्डर पांगले. नवा करार 2005 मध्ये झाला आणि त्यातली पहिली कलवरी 2017 च्या डिसेंबरात दाखल झाली. तेवीस वर्षं माझगावातून एकही नवी पाणबुडी ताफ्यात आली नाही, ती निर्णय न घेतल्यामुळे. अलीकडचंच बघा: 2024-25 मध्ये भांडवली तरतूद 1.72 लाख कोटी होती, सुधारित अंदाजात ती 1.60 लाख कोटींच्या आत आली. हे पैसे पेन्शनने अडवले नव्हते. न वापरलेला पैसा पुढच्या वर्षी नेता यावा म्हणून 2004 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 25,000 कोटींचा निधी जाहीर झाला होता, तोही उभा राहिला नाही.

जून 2022 मध्ये अग्निपथ आली: चार वर्षांची सेवा, त्यातले पाव जण कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. पेन्शनचा बोजा कमी करायलाच ती आणली, असं सर्रास बोललं जातं. पण जुन्या पद्धतीने 2022 मध्ये भरती झालेला जवान किमान पंधरा वर्षं सेवेतच असता. त्यामुळे त्याच्या न दिलेल्या पेन्शनची बचत 2037 च्या आधी कुठल्याच अर्थसंकल्पात दिसणार नाही.